नजर कुणाच्या नावावर? लहान मुलांचा खेळ आणि सुट्टीतल्या सहली निर्धोक करण्यासाठी

मे महिन्यात मामाच्या मळ्यावर पंधरा माणसं जमलेली असतात आणि नेमकं तेव्हाच तीन वर्षांचं पोर विहिरीच्या कडेला पोहोचतं. आईला वाटतं ते आजीजवळ आहे. आजीला वाटतं मामीनं उचललं असेल. मामी चुलीपुढं असते. घरात एकटी आई असताना पोरावर जेवढी नजर असते, तेवढी पंधरा जणांत राहत नाही, कारण प्रत्येकजण दुसऱ्यावर विसंबतो. म्हणून कुंपण, झाकण, हेल्मेट या सगळ्याच्या आधी एक पद्धत घरात लावा: पोर कुणाच्या तरी नावावर असलं पाहिजे.

ही पद्धत अशी चालते. जो बघणार आहे त्याचं नाव घेऊन, मोठ्यानं सांगायचं: "सुनील, पोरं आता तुझ्याकडं." त्यानं "हो, माझ्याकडं" असं तोंडानं म्हणायचं. नुसती मान हलवली तर ते धरायचं नाही. पाण्याजवळ असाल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी माणूस बदला, त्याहून जास्त वेळ एकाग्र नजर टिकत नाही. बघणाऱ्याचा मोबाईल खिशात, हातात पत्ते नाहीत, आणि तो प्यायलेला तर मुळीच नको. त्याला उठायचं असेल तर दुसऱ्याच्या ताब्यात देऊनच उठायचं. नऊ-दहा वर्षांच्या ताईवर किंवा दादावर ही जबाबदारी टाकू नका. ती मुलं प्रेमानं सांभाळतात, पण धोका ओळखायला आणि त्यात योग्य ते करायला त्यांचं वय पुरत नाही.

पाणी

इथं सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा, कारण दुसऱ्या बहुतेक अपघातांत सावरायला थोडा अवधी मिळतो, पाण्यात तो मिळत नाही.

बुडणारं मूल ओरडत नाही, हात उंचावून हाकाही मारत नाही. त्याचं तोंड पाण्याच्या पातळीला वरखाली होत असतं आणि वर आलेल्या क्षणी त्याला फक्त श्वास घ्यायचा असतो. डोकं मागं झुकलेलं, तोंड उघडं, केस डोळ्यांवर आलेले, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबत असलेले आणि अंग पुढं सरकत नाही, असं दिसलं तर ते खेळत नाही, बुडतं आहे. एका मिनिटाच्या आत ते पाण्याखाली जाऊ शकतं. पाण्यात दंगा करणारं पोर अचानक गप्प झालं की आधी पाण्यात बघा.

घरातही हा धोका आहे. चालायला लागलेल्या मुलाचं डोकं धडाच्या मानानं जड असतं. बादलीत वाकलं की तोल जातो आणि परत वर येण्याइतकं बळ हातात नसतं. पाच सेंटीमीटर पाणीसुद्धा नाक-तोंड बुडायला पुरतं. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या घरांत बादल्या, पिंपं, हौद भरून ठेवावेच लागतात. तेव्हा न्हाणीघराला बाहेरून, मोठ्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर कडी बसवा, पिंपाला घट्ट बसणारं झाकण लावा आणि अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीचं लोखंडी झाकण कुलपात ठेवा. टाकीवर नुसती फरशी सरकवून ठेवली तर पाच वर्षांचं मूलही ती हलवतं.

मळ्यावर गेल्यावर बॅगा उतरवायच्या आधी एक मोठं माणूस विहीर, हौद, शेततळं आणि पाटाची जागा बघून येऊ दे. जुन्या विहिरींना कठडा नसतो, आणि काठावर वाढलेल्या गवतामुळं कड कुठं संपते ते कळत नाही. प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं विहिरीपेक्षाही फसवं. पाणी उथळ दिसतं, पण ओल्या कागदावर पाय ठरत नाही. वाचवायला उतरलेला पट्टीचा पोहणारासुद्धा वर चढू शकत नाही. अशा तळ्याला कुंपण हवंच. शिवाय काठावरच्या खुंटीला बांधलेला, दर फुटावर गाठ मारलेला दोर चारही बाजूंनी पाण्यात सोडलेला हवा, आणि हवा भरलेली एक ट्यूब दोरासह तिथंच ठेवलेली हवी.

पोहायला शिकवणं ही चांगली गोष्ट आहे, आणि कोल्हापूरकडं विहिरीत पाठीला डबा किंवा भोपळा बांधून शिकवायची रीत जुनीच आहे. पण शिकाऊ मुलासाठी त्यात चार गोष्टी पाळा. एका वेळी पाण्यात एकच शिकाऊ. शिकवणारा त्याच्यापासून हाताच्या अंतरावर, काठावर उभं राहून सूचना देणारा नव्हे. डब्याला भोक नाही याची खात्री आदल्या दिवशी पाण्यात दाबून करायची. आणि दोर छातीभोवती, काखेखालून बांधायचा. पोटाभोवती बांधला तर डबा कमरेकडं घसरतो आणि डोकं खाली जातं. हवा भरलेले दंडातले फुगे आणि रबरी बदक ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर पोर सोडू नका. लाइफ जॅकेट मुलाच्या वजनाचं हवं. घातल्यावर दोन्ही खांद्यांवरचे पट्टे धरून वर ओढा. ते कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे, पाण्यात त्यातून मूल निसटेल. कुठंही होडीत बसताना ही चाचणी काठावरच करा. मापाचं जॅकेट नसेल तर होडी सोडून द्या, मूल रडलं तरी चालेल.

नदीचं गणित वेगळं आहे. राधानगरी धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात आणि पाणी भोगावतीत येतं, तिथून पंचगंगेत. म्हणजे कोल्हापुरात ऊन पडलेलं असतानाही नदी चढू शकते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी धरतात, आणि पावसाळ्यात हे आकडे रोज बातम्यांत येतात. पण मुलांना घाटापासून लांब ठेवायला इशारा पातळीची वाट बघू नका. घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या की कुठली पायरी शेवटची ते दिसत नाही, आणि शेवाळावर चप्पल टिकत नाही. पूर पुलावरून किंवा उंच रस्त्यावरून, पोराचं मनगट धरून बघा. बोटं धरली तर ओल्या हातातून निसटतात.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावर पोरांना उड्या मारू देऊ नका. बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असताना वरच्या बाजूला पाणी शांत दिसतं, पण बरग्यांच्या फटींतून ओढ असते आणि लहान मूल तिथं चिकटून बसतं. खालच्या बाजूला पाणी पडून भोवरा होतो, तो आत गेलेल्याला पुन्हा पुन्हा आत ओढतो. बंधाऱ्याच्या दोन्ही अंगाला पोहणं टाळा.

राऊतवाडीसारख्या धबधब्यावर जाताना वरच्या डोंगरात पाऊस आहे का ते बघा. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा आवाज वाढला की सामान तिथंच सोडून पोरांना उचलून बाजूला, उंचावर या. पाणी ओसरण्याची वाट ओढ्याच्या दोन काठांवर वाटून बघू नका, सगळे एकाच काठावर हवेत. आणि धबधब्याला कातडी कोल्हापुरी चप्पल नको, ओली झाली की खडकावर घसरते. मागं पट्टा असलेली रबरी तळव्याची सँडल घाला.

कुणी बुडताना दिसलं तर उडी हा शेवटचा पर्याय. काठावर पालथं झोपून काठी, साडी, टॉवेल पुढं करा. पोहोचत नसेल तर ट्यूब, रिकामा बंद कॅन, जे तरंगेल ते दोरासह फेका. एकाला वाचवायला गेलेली दोन-तीन माणसं बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, त्या यामुळंच.

बाहेर काढल्यावर मुलाला उलटं धरून फिरवणं, पोट दाबणं, मडक्यावर पालथं घालणं यातलं काही करू नका. पोट दाबलं की पोटातलं पाणी आणि अन्न वर येऊन फुफ्फुसात जातं, आणि श्वास देण्याची मिनिटं फुकट जातात. करायचं ते असं:

१. पाठीवर सपाट जागी झोपवा, हाक मारा, तळव्यावर टिचकी मारा. छाती हलते का ते दहा सेकंद बघा.
२. श्वास नसेल तर डोकं किंचित मागं, हनुवटी वर. एक वर्षाखालच्या बाळाचं डोकं मागं न झुकवता सरळ ठेवा.
३. नाक चिमटीत धरून तोंडाला तोंड लावून पाच वेळा फुंका. बाळाचं नाक आणि तोंड दोन्ही तुमच्या तोंडात घ्या. छाती उचलली जाईल एवढीच हवा द्या.
४. तरी हालचाल नसेल तर छातीच्या मध्यभागी, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच ठेवून ३० वेळा दाबा. बाळाला दोन बोटांनी. छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगानं.
५. मग दोन श्वास, पुन्हा ३० दाब. मूल श्वास घेईपर्यंत किंवा मदत येईपर्यंत थांबू नका. दुसऱ्या माणसानं तोवर १०८ ला फोन करायचा. तुम्ही एकटेच असाल तर फोन स्पीकरवर ठेवून हे चालू ठेवा.

पाण्याखाली जाऊन बेशुद्ध झालेलं मूल पूर्ण शुद्धीवर आलं, हसायला लागलं, तरी दवाखान्यात न्या. खोकला, धाप, गुंगी पुढच्या काही तासांत सुरू होऊ शकते.

घशात अडकणं

भडंग, म्हणजे तिखट चुरमुरे, हा कोल्हापूरकडचा घरोघरीचा खाऊ, आणि त्यातला अख्खा शेंगदाणा चार वर्षांखालच्या मुलासाठी धोक्याचा. दाढा पुरत्या आलेल्या नसतात, पोर धावत-हसत खातं आणि दाणा श्वासनलिकेत जातो. तिथं तो फुगतो, आणि साध्या एक्स-रेवर दिसत नाही. म्हणून खाताना ठसका लागून नंतर सगळं ठीक वाटलं, पण काही दिवस खोकला किंवा एका बाजूला घरघर राहिली, तर डॉक्टरांना "भडंग खाताना ठसका लागला होता" हे आवर्जून सांगा, नाहीतर दम्याची औषधं सुरू होतात. लहानग्यांना कूट द्या, दाणे नकोत. चिकूच्या आणि सीताफळाच्या बिया काढून, द्राक्षं उभी चार फोडी करून, फुटाणे आणि कडक गोळ्या अजिबात नाही. खाणं बसूनच. हलत्या एसटीत, दुचाकीवर, झोपाळ्यावर काही खाऊ देऊ नका.

खेळण्यांची एक सोपी चाचणी: पाण्याच्या प्लास्टिक बाटलीच्या झाकणाएवढी किंवा त्याहून लहान वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात नको. चेंडू त्याहून मोठा, किमान साडेचार सेंटीमीटरचा हवा. गोट्या, चिंचोके, फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला. फुग्याचं रबर घशाला चिकटून बसतं आणि पाठीत थोपटूनही सुटत नाही. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. जत्रेतल्या टोपलीतल्या खेळण्यांवर ते बहुधा दिसत नाही, म्हणून जत्रेतून आणलेल्या खेळण्याचे डोळे, चाकं, शिट्टी जोरात ओढून बघा.

जत्रेतल्या आणखी दोन गोष्टी. लुकलुकणाऱ्या बांगड्या, भोवरे आणि विजेच्या पणत्यांत बटणासारखे चपटे सेल असतात. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत ती जाळू लागतो. स्क्रूनं बंद होणारं झाकण नसेल तर ते खेळणं घेऊ नका. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायला लावू नका, एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच जा. दुसरं, आकाशात उडणारे गॅसचे फुगे. त्यांत हलका हेलियम क्वचितच असतो, बहुतेक वेळा हायड्रोजन असतो. तो ठिणगीनं पेट घेतो. बंद गाडीत फुग्यांचा गुच्छ नको, आणि वाढदिवसाच्या मेणबत्तीजवळ तर नकोच.

घशात अडकलं आणि मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या, मध्ये बोट घालू नका. आवाज, श्वास बंद झाला तर एक वर्षावरच्या मुलाला पुढं वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेनं पाच थापा. न निघाल्यास मागून मिठी मारून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर असे पाच झटके. आळीपाळीनं चालू ठेवा. एक वर्षाखालच्या बाळाला मांडीवर, हाताच्या आधारानं पालथं, डोकं खाली करून पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब. बाळाच्या पोटाला झटके द्यायचे नाहीत. शुद्ध गेली तर वर सांगितलेले दाब-श्वास सुरू करा.

भाजणं

न्हाणीघरातला तांब्याचा बंब बाहेरूनही तापतो. त्याच्याभोवती हातभर अंतरावर विटांचा किंवा जाळीचा आडोसा हवा. बादलीत आधी थंड पाणी, मग गरम, हा क्रम घरातल्या सगळ्यांनी पाळायचा, म्हणजे अर्ध्यात उठावं लागलं तरी बादलीत नुसतं उकळतं पाणी उरत नाही. पंगतीत तांबड्या रश्श्याचं पातेलं जमिनीवर ठेवून वाढत फिरू नका, रांगतं पोर त्यात बसल्याच्या घटना लग्नघरांत होतात.

गुऱ्हाळाला मुलांना जरूर न्या, पण काहिलीपासून, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईपासून, निदान दहा पावलं लांब. उसाचा रस आटून गूळ होताना पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या पुढं, ११५ ते १२० अंशांपर्यंत तापतो आणि अंगाला चिकटून राहतो, म्हणून पाण्यापेक्षा खोल भाजतो. काहील उतरवून वाफ्यात ओतण्याच्या वेळी मुलं बाहेरच हवीत. घाण्याच्या पट्ट्याजवळ फ्रॉक, ओढणी, गळ्यातला दोरा घेऊन कुणी जाता कामा नये. चिपाडाच्या ढिगावर उड्या मारायला मजा वाटते, पण त्याखाली साप बसतो.

भाजल्यावर नळाचं साधं वाहतं पाणी २० मिनिटं. घड्याळ लावून २० मिनिटं, कारण माणसं दोन मिनिटांत थांबतात. कपडे, बांगड्या, करदोडा लगेच काढा. कातडीला चिकटलेला कपडा मात्र ओढू नका. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ काही नको. मग स्वच्छ कापड सैल झाकून दवाखान्यात. भाजलेला भाग मुलाच्या तळहातापेक्षा मोठा असेल, किंवा चेहरा, हात, पाय, लघवीची जागा भाजली असेल तर घरी उपचार करत बसू नका.

गल्ली, बाग आणि गाड्या

नोव्हेंबर ते मार्च ऊस वाहतुकीचा हंगाम. चालत्या ट्रॉलीमागं धावत ऊस ओढणं हा पोरांचा ठरलेला खेळ आहे. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात. पहिलीतला ऊस ओढताना तोल गेला की पोर दुसरीच्या चाकाखाली येतं, आणि चालकाला मागचं काहीच दिसत नाही. हे मुलांना रागावून न सांगता रस्त्यावर उभं करून, दुसऱ्या ट्रॉलीचं चाक दाखवून समजावा. आणि ऊस विकत आणून द्या.

दुचाकीवर पुढं उभं केलेलं मूल ब्रेक लागला की हनुवटीनं हँडलवर आपटतं. उतरताना आणखी एक अपघात होतो: गाडी चालू, बाबा मागून उतरतात आणि पोर ॲक्सिलरेटर पिळतं. आधी चावी बंद, मग पोर खाली. मागं बसवलेल्या मुलाचं पाऊल चाकाच्या आऱ्यांत गेलं की टाच फाटते. साडी गार्ड आणि पाय ठेवायची जागा हवीच, सायकलच्या कॅरिअरलाही. १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमानुसार ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलासाठी चालवणाऱ्याला जोडणारा सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट सक्तीचं आहे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. मुलाचं हेल्मेट डोकं हलवल्यावर फिरत नसेल, पट्टा आणि हनुवटीमध्ये एक बोट जात असेल, तर मापाचं. कारमध्ये पुढच्या सीटवर मांडीवर बसवणं बंद करा. धडक झाली की मागचं मोठं माणूस पोरासाठी उशी होत नाही, त्याचं वजन पोरावर येतं. कार मागं घेण्याआधी चालकानं गाडीभोवती चक्कर मारावी, कारण अंगणातलं बसलेलं बाळ आरशात दिसत नाही.

बागेत घसरगुंडीवर लेकराला मांडीत घेऊन घसरू नका. प्रेमानं केलेली ही गोष्ट पायाचं हाड मोडते: पोराची टाच कडेला अडकते आणि तुमच्या वजनानं दोघं पुढं जातात. त्याला एकट्याला घसरू द्या, खाली हात पुढं करून बसा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याची घसरगुंडी दुपारी भाजते. हाताची पाठ पाच सेकंद ठेवून बघा. झोपाळ्यावर गळ्यातला काळा दोरा, ताईत, ओढणी काढून ठेवा. घरातला साडीचा झोका बाळ झोपवण्यापुरताच, मोठ्या मुलांनी त्यात पीळ घालून गोल फिरणं सक्त बंद, कारण पीळ मानेला बसतो. वापर झाला की झोका सोडून ठेवा.

गॅलरीच्या गजांमधलं अंतर १० सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. पण खरा धोका गजांपेक्षा त्याशेजारी ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीचा, कुंडीचा आणि गॅस सिलिंडरचा. चढायला काही मिळालं की कठडा निरुपयोगी. जोत्याच्या वाड्यात माळ्याच्या लाकडी जिन्याला वर आणि खाली दोन्हीकडं दार लावा.

दिवाळीचा किल्ला, साप, विंचू, कुत्री

किल्ल्यासाठी पोरं दगड, विटा गोळा करतात आणि नेमके त्याखालीच विंचू असतात. पावसाळ्यानंतर ते जास्त बाहेर येतात. दगड मोठ्या माणसानं काठीनं उलटवून मग द्यावा, मुलांच्या पायात बूट, आणि माती आणायची तर उजेडात. लाल विंचू चावल्यावर घाम, थंड पडलेले हातपाय, उलटी, लाळ अशी लक्षणं दिसली तर ती हृदयावर परिणाम झाल्याची खूण आहे. घरी मंत्र, पाला लावत बसू नका. यावर प्राझोसिन हे औषध आहे, त्याचा उपयोग महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवून दिला, आणि वेळेत गेलेली मुलं बरी होतात.

सापाच्या बाबतीत: उसाच्या फडाजवळच्या घरात मुलं जमिनीवर झोपत असतील तर मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचून लावा. मण्यार रात्री घरात येतो, त्याचा दंश दुखत नाही आणि खूणही फारशी दिसत नाही. पहाटे मुलाचं पोट दुखत असेल, पापण्या जड होऊन मिटत असतील, तर दंशाची खूण न शोधता निघा. दंश झालेल्या हातापायाला फळी बांधून तो हलू देऊ नका, मुलाला उचलून न्या. आवळून दोरी बांधणं, चिरणं, चोखणं नको. प्रतिविष सरकारी रुग्णालयात मिळतं. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाला निघतानाच फोन करून उपलब्ध आहे का विचारा, नाहीतर कोल्हापुरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय.

कुत्रं चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणानं, वाहत्या पाण्यात १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. पाळलेलं कुत्रं असलं तरीही. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत द्यायचं सीरम लागतं, ते आवर्जून विचारा.

मंदिर, जत्रा, पन्हाळा

अंबाबाईच्या देवळाला चारही दिशांना दरवाजे आहेत. त्यामुळं हरवलेलं मूल कुठल्या दरवाजानं बाहेर गेलं ते कळत नाही. आत जातानाच ठरवा: चुकामूक झाली तर ज्या दरवाजानं आत आलो त्याच्या आतल्या बाजूला थांबायचं, बाहेर पाय टाकायचा नाही. नवरात्रात आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेत पाच वर्षांखालचं मूल कडेवर किंवा पाठीवरच्या झोळीत हवं. खाली उतरवलेल्या लेकराचं तोंड गर्दीत मोठ्यांच्या कमरेपाशी येतं आणि गुलालात त्याला धड श्वास घेता येत नाही. यात्रेचा मुख्य दिवस टाळून गेलात तर दर्शन नीट होतं.

निघण्याआधी मुलाचा त्याच कपड्यांतला पूर्ण उंचीचा फोटो काढून ठेवा. मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेननं दोन मोबाईल नंबर लिहा, वर पारदर्शक चिकटपट्टी. नाव बाहेर दिसेल असं लिहू नका, नावानं हाक मारणाऱ्या अनोळखी माणसावर मूल विश्वास ठेवतं. त्याला शिकवा: हरवलास तर चालत राहू नको, जागेवर थांब, आईचं पूर्ण नाव ओरड, आणि खाकी गणवेशातल्या पोलिसाला किंवा लेकरं घेतलेल्या बाईला सांग. मूल दिसेनासं झालं तर आधी पाणी आणि रस्ता या दोन जागी माणसं पळवा, मग बाकीचे शोधू देत. दहा मिनिटं होईपर्यंत वाट बघू नका, ११२ ला लगेच फोन करा.

पन्हाळ्यावर गाडी आतपर्यंत जाते, म्हणून लोक तिथं गड समजून वागत नाहीत. सज्जा कोठी, पुसाटी बुरूज आणि तटाच्या कडेला पाच वर्षांखालच्या मुलाला चालवत नेऊ नका. अंधारबावेच्या पायऱ्यांवर ओल असते. तटावर बसवून फोटो काढताना काढणारा मागं सरकतो आणि धरणारा कुणी नसतो. फोटो हवा तर धरणाऱ्यासकट काढा.

उन्हात मूल तहान लागल्याचं सांगत नाही, दर अर्ध्या तासाला चार घोट पाजा. सहा तासांत लघवी झाली नसेल, तोंड कोरडं असेल तर ओआरएस: एक पाकीट एक लिटर पाण्यात. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. कोल्हापुरात गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचं ताजं दूध मोठ्यांनी हौसेनं प्यावं, पण लहान मुलाला कच्चं दूध देऊ नका, घरी आणून उकळा. आणि उभ्या गाडीत मुलाला झोपलेलं सोडून उतरू नका, काच दोन बोटं खाली ठेवली तरी आत तापमान चढतच राहतं.

पिशवीत एवढं असू द्या: ओआरएसची चार पाकिटं, साबणाची वडी, निर्जंतुक गॉज, तीन इंची बँडेज, चिमटा, मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी लिहून दिलेलं पॅरासिटामॉल आणि त्याचा मोजायचा चमचा, शिट्टी, दहा मीटर दोर, कपड्यांचा एक कोरडा जोड. १०८ ला फोन केल्यावर आधी जागा सांगा, मग काय झालं ते, मग मुलाचं वय आणि वजन. मळ्यावरून बोलत असाल तर गावाचं नाव, तालुका आणि डांबरी रस्त्यावरची एक ठळक खूण सांगा, आणि एका माणसाला तिथं बॅटरी घेऊन उभं करा. समोरच्यानं फोन ठेवायला सांगितल्याशिवाय ठेवू नका.